सहा नंबरची बाकी

१

मीटरचा दिवा नुसता बघून खोलीत काय चाललंय ते सांगणारा माणूस अख्ख्या माण गावात एकच आहे, आणि तो मी. गेणबा. शिक्षण चौथी, तीसुद्धा दोनदा केलेली, म्हणजे हिशेबानं आठवी. ट्यूब आणि पंखा चालू असेल तर मीटरवरचा तांबडा दिवा दहा सेकंदांनी एकदा लुकलुकतो. मिक्सर लावला की दोन सेकंदांनी. इस्त्री असेल तर घड्याळाच्या काट्यागत, आणि बादलीत रॉड सोडला की नुसता थयथयाट. दार बंद असू दे, पडदा ओढलेला असू दे, मी खुर्चीत बसून सांगतो.

आता खरं सांगतो. दिवाळीत पैज लावली, "तीन नंबरात इस्त्री चालू हाय," म्हणालो, शंभराची नोट ठेवली आणि दार ढकललं. आत माझा आयटीवाला भाडेकरू कौस्तुभ बादलीत रॉड सोडून, टॉवेल गुंडाळून उभा. माझे शंभर गेले, त्याची अब्रू गेली. तेव्हा दहातल्या सात वेळा बरोबर येतं असं धरा. सातही जरा फुगवूनच सांगितलं.

घरामागं माझ्या आठ खोल्या आहेत. जिथं आंबेमोहोर व्हायचा तिथं आता भाडेकरू उगवतात. पाणी त्यांनाही तेवढंच लागतं. मुलगा अमोल कंपन्यांना गाड्या पुरवतो आणि बावधनला फ्लॅटमध्ये राहतो. भाडेकरू बिलं बुडवून पळतात म्हणून त्यानं दोन वर्षांपूर्वी सगळीकडं रिचार्जचे मीटर बसवले. आठ मीटर पडवीच्या भिंतीवर ओळीनं. नववा माझ्या घरात, मधल्या खोलीत. "आबा, नियम सगळ्यांना सारखा," म्हणाला. बापाला असं म्हणायला जीभ लागते, ती त्याला आईकडून मिळालीय.

पद्धत सोपी आहे. भाडेकरू पैसे माझ्या हातात देतो, मी अमोलला फोन करतो, भाडेकरूच्या मोबाईलवर वीस आकडे येतात, ते मीटरवर दाबले की झालं. पैसे संपले तरी मीटर लगेच गळा आवळत नाही. दोनशे रुपये उणे होईपर्यंत थांबतो. आणि रात्रीबेरात्री तोडत नाही. तोडायचं ते सकाळी अकराला. बरोबर अकराला 'टक्' आवाज येतो आणि कुणाचा तरी पंखा फिरत फिरत थांबतो.

आकडे वाचायचं काम माझं. मी मोठ्यानं वाचतो, भाडेकरू दाबतो, आणि मधला एखादा आकडा मी मुद्दाम चुकवतो. मीटर 'टूं' करून नाकारतो. भाडेकरू पुन्हा पहिल्यापासून. कौस्तुभ तर म्हणतो, "बाबा, आमच्या कंपनीत या. चुका आम्हीही करतो, पण आम्हाला एवढा आनंद होत नाही."

म्हातारपणी दुसरं काय असतं हो?

२

सहा नंबरात प्रभावती आणि तिची मुलगी वैशाली. प्रभावती पिरंगुटला एका कारखान्यात दुपारपाळीला पॅकिंग करते. मुलगी बारावीला. एक खाट, एक पंखा, एक ट्यूब, भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर, आणि दोघींत एक मोबाईल. मोबाईल मुलीचा, म्हणून अमोलनं मीटरही मुलीच्या नावावर लावला. खोलीला आधीच्या भाडेकरूच्या बिलांची बाकी होती, ती अमोलनं संक्रांतीला त्यांच्या मीटरवर चढवली. हा अमोलचा कायदा: बाकी माणसाच्या मागं जात नाही, मीटरवर बसून राहते. तो आधीचा भाडेकरू गादी, ताटवाटी, चपलासुद्धा टाकून गेला होता. अनवाणी कुठं गेला ते विचारू नका, मला ठाऊक नाही.

जूनमध्ये आल्या तेव्हा वैशाली माझ्या तोडीस तोड होती. मी म्हणायचो, "पोरी, एवढं शिकून काय करणार? शेवटी मीटरच बघायचाय." ती म्हणायची, "तुमच्या कवळीला बी रिचार्ज लागतो का बाबा? मधीच बंद पडती म्हणून विचारलं."

संक्रांतीनंतर कधीतरी ती बोलायची थांबली. थांबली म्हणजे रुसली नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, पण एसटी स्टँडावर गाडीची वेळ सांगतात तशा आवाजात. खाटेवर बसलेली असायची, पुस्तक उघडं, आणि दोन दिवस पान तेच.

त्याच सुमाराला प्रभावती रोज रिचार्ज करायला लागली. बाकीचे आठवड्यातून एकदा येतात. ही रोज सकाळी साडेदहाला दीडशे रुपये घेऊन हजर. दीडशेतले पंच्याहत्तर जुन्या बाकीत जातात, पंच्याहत्तरची वीज मिळते. एका पंख्याला आणि एका ट्यूबला पंच्याहत्तर रुपये रोज!

"प्रभावती, आत पापडाचा कारखाना काढलायस काय?"

"न्हाई बाबा."

एवढंच. ना हसली, ना चिडली. मला माणसं चिडली तरी चालतात.

म्हणून एक दिवस मी तिचा चौथा आकडा चुकवला. टूं. पुन्हा वाचले, आता अकरावा चुकवला. टूं. तिनं माझ्याकडं बघितलं. "बाबा, अकराला पाच कमी हायेत," म्हणाली. आवाज सपाट, बोट पुन्हा पहिल्या बटणावर. मी नीट वाचले. मीटरनं पैसे घेतले. माणूस अशा वेळी मीटरकडं बघतो, किती जमा झाले म्हणून. प्रभावतीनं मान वळवून दारातून खाटेकडं बघितलं. मग पायरीवर बसली.

मी दिवा बघितला. चार सेकंदांनी एकदा.

चार सेकंदांत बसणारी वस्तू माझ्या यादीत नाही. फ्रिज सात-आठला बसतो, तो त्यांच्याकडं नाही. आणि हा दिवा नेमानंही चालत नव्हता. मधेच पाच, मधेच तीन. आत मुलीला ठसका लागला तेव्हा लागोपाठ दोनदा लुकलुकला, मग जरा थांबून पुन्हा चार. यंत्र असं करत नाही. यंत्राला दम लागत नाही.

मी दहातल्या सात वेळा बरोबर असतो. ही उरलेल्या तिनातली एक, असं म्हणून उठलो.

३

गुरुवारी अमोल आला, बरोबर विश्राम वायरमनला घेऊन.

"आबा, सहा नंबरात कायतरी गडबड हाय. जुनी बाकी दोन हजार आठशे. रोज पंच्याहत्तर वळते होत्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकी पुन्हा दोन हजार आठशे. ती बाई मीटरशी खेळतीय."

"तिला बसचं तिकीट वाचता येत न्हाई नीट, मीटरशी काय खेळंल?"

"मग आपुन खेळतोय का?"

प्रभावती दारात आली. पदराला हात पुसत म्हणाली, "अमोलदादा, नाव तेवढं बदला."

"ताई, तिसऱ्यांदा सांगतोय. बाकी असली की नाव बदलत न्हाई. मोबाईल घेतच न्हाई ते."

"पोरीचं काढा, माझं घाला. मग बाकी किती बी असू द्या."

"बाकी भरा, मग बदलतो."

मला हसू आलं. गावात सातबाऱ्यावर नाव लावायला भाऊ भावाचं डोकं फोडतो, आणि ही मीटरवर नाव लावायला धडपडते! मी तसं बोलूनही दाखवलं. कुणी हसलं नाही. विश्रामसुद्धा नाही, आणि विश्राम मयताला गेला तरी हसतो.

अमोलनं सांगून टाकलं. रविवारपर्यंत बाकी भरा, नाहीतर खोली सोडा. चार आयटीवाली पोरं दुप्पट भाडं द्यायला तयार आहेत. वैशालीचा पहिला पेपर त्या रविवारनंतर नवव्या दिवशी, मंगळवारी होता. हे त्याला माहीत होतं, कारण ते मीच त्याला सांगितलं, आणि त्यानं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

विश्रामनं मीटरच्या तारेला चिमटा लावला. त्या चिमट्यावर किती वीज वाहतेय तो आकडा दिसतो. शून्य. मग मी पुढं झालो आणि सहा नंबरचा खटका खाली पाडला. आतला पंखा थांबला, ट्यूब गेली.

प्रभावती ओरडली नाही. वळली, आत धावली आणि मुलीच्या नाकासमोर तळहात धरला.

"आई, मी वाचतेय," वैशाली म्हणाली.

भिंतीवरचा दिवा चार सेकंदांनी लुकलुकत होता. खटका खाली, चिमट्यावर शून्य, आणि दिवा चालू.

"काका, उंदरानं तार कुरतडली असंल," विश्राम म्हणाला.

"मग चिमट्याला का दिसंना?"

"न्यूट्रलची तार बाजूच्या खोलीशी कॉमन झाली असंल."

"आरं, खटका पाडलाय."

"पाडलाय खरा," म्हणाला आणि सामान पिशवीत भरायला लागला. मजुरी मागितली नाही. विश्रामनं मजुरी सोडली ही त्या दिवशीची सगळ्यात भुताटकीची गोष्ट, असं मी चारचौघांत सांगितलं. लोक हसले. मीही हसलो. माझ्या आत मात्र काही हललं नाही.

४

लीलाबाई म्हणजे आमची बायको. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. शनिवारी दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती, मी खडे तिच्या सुपात परत टाकत होतो.

"दिसतंय मला," म्हणाली. "एक दिवस भातात शिजवून तुमच्याच ताटात वाढीन. त्या सहा नंबरचं काय ठरलं?"

"उद्या जात्यात."

"आन पोरीची बारावी?"

"अमोलला विचार."

"अमोलला काय इचारायचं? बाकी आपल्या मीटरवर टाका. घर माझ्या नावावर, मीटर माझ्या नावावर. इतक्या वर्षांत त्या नावाचा मला काय उपेग झालाय? एवढा तरी होऊ द्या."

खरं होतं. बाईच्या नावावर घर केलं की सरकारी फी कमी लागते, म्हणून मी घर तिच्या नावावर केलं होतं. त्या दिवशी कचेरीत तिला म्हणालो होतो, "आता मालकीणबाई, मला हाकलू नका." ती म्हणाली होती, "बघू, कसं वागता त्यावर."

मी अमोलला फोन लावला. तो कुरकुरला. मग म्हणाला, "आईच्या नावावर टाकू?"

"टाक."

"टाकली. एका बोटाचं काम, आबा."

मागं जाऊन प्रभावतीला सांगितलं. ती अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. वाटलं होतं, पाया पडेल, मग मी म्हणणार होतो, "पाया नको, एक कप चहा पाज."

तिनं विचारलं, "मावशींच्या नावावर?"

"व्हय. मालकीणबाई उदार झाल्या."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून वैशालीचा आवाज आला. "आई, आज भाजीत मीठ लई झालंय!" कुरकुर होती ती. चांगली ठसक्यातली, महिन्याभरात न ऐकलेली.

प्रभावतीनं तोंड मिटलं. कपडे छातीशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "उपकार झाले, बाबा," आणि आत जाऊन दार लावलं. दिवसाढवळ्या कडी लावल्याचा आवाज आला.

५

रविवारी सकाळी मी खुर्चीत बसलो तर वैशालीच समोर.

"बाबा, वरचा दात कुटं चरायला सोडलाय आज?"

सहा नंबरचा दिवा दहा सेकंदांवर आला होता. पंखा आणि ट्यूब. मी खूश. वीज पोरीच्या डोक्यातच अडकली होती म्हणायची, बाकी गेली आणि पोरगी उजळली, असा विनोद जुळवत घरात आलो, लीलाला सांगायला.

ती भाकरी भाजत होती. भाकरी उलटताना दोन बोटं तव्यावर टेकली आणि टेकलेलीच राहिली. मी बघत होतो. वास आला. मी तिचा हात ओढला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"बोट भाजलं की गं."

तिनं बोटाकडं बघितलं. "व्हय," म्हणाली, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. आम्ही दोघांनी ती तशीच खाल्ली. ती काही म्हणाली नाही. आणि मी? मीही नाही. वाट बघत होतो ती काही म्हणेल म्हणून.

सोमवारी मी तिचा चष्मा लपवला. हा माझा जुना खेळ. कधी पिठाच्या डब्यात, एकदा म्हशीच्या शिंगाला अडकवला होता. मग ती घरभर माझा उद्धार करत फिरते, आणि आळी ऐकते. या वेळी चष्मा तांदळाच्या डब्यात. संध्याकाळ झाली. ती चष्म्याशिवाय भिंतीकडं तोंड करून बसली होती. मंगळवारी दुपारपर्यंत तशीच. शेवटी मीच चष्मा काढून तिच्या नाकावर बसवला. एवढ्या संसारात मी लपवलेली वस्तू मला परत आणून ठेवावी लागली, ती पहिल्यांदा.

डॉक्टरकडं नेलं. रक्तदाब बरा, साखर बरी. "वयानं होतं, आजोबा," म्हणाला. मी म्हणालो, "माझं वय तिच्याहून जास्त हाय, मला का झालं न्हाई?" त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

मग मी मधल्या खोलीत गेलो आणि घरचा मीटर बघितला. आतापर्यंत कधी बघितला नव्हता. स्वतःच्या घरात काय चाललंय ते दिवा बघून कोण ओळखतं? चार सेकंदांनी एकदा. म्हटलं, फ्रिज आणि पंखा मिळून असेल. फ्रिजची पिन काढली. चार. पंखा बंद केला. चार. टीव्ही, मोटर, देवघरातला बल्ब, सगळं एकेक काढलं. खटका पाडला. घर असं शांत झालं की भिंतीवरची पाल सरकलेली ऐकू आली.

दिवा लुकलुकत होता. चार. मधेच पाच. मग चार.

मी खटका वर केला, पिना परत लावल्या. कुणाला काही बोललो नाही. विश्रामला तर नाहीच. भीती वाटायला पाहिजे होती. मी आत चाचपून बघितलं, खिशात सुटे पैसे आहेत का बघतात तसं. काही हाताला लागलं नाही.

६

पुढच्या मंगळवारी वैशालीचा पहिला पेपर होता. सकाळी दही-साखर खाऊन, माझी टोपी वाकडी करून गेली. लीला मधल्या खोलीत चटईवर पडली होती. "जरा पडते," म्हणाली, ती आठपासून पडलेलीच. समोर भिंतीवर मीटर. मी दोघांच्या मधे बसून शेंगा सोलत होतो.

एक शेंग सोलायची, दिवा बघायचा. एक शेंग, दिवा. मधे लीलाकडं नजर जायची. तिच्या पदराची कड छातीवर वर यायची आणि खाली जायची. किती वेळ बघत होतो ते सांगता येणार नाही. मग लक्षात आलं की मला दिवा बघायची गरजच नाही. पदर वर गेला की दिवा लागत होता.

म्हटलं, मनाचे खेळ. डोळे मिटले, दहा मोजले, उघडले. पदर वर, दिवा. तिनं झोपेत सुस्कारा टाकला, लांब. दिवाही थांबला, आणि सुस्कारा संपल्यावर लागला.

तेव्हा मी पहिल्यांदा आकड्याकडं बघितलं. उणे एकशे नव्याण्णव. घरचा रिचार्ज अमोल करतो, महिन्यातून एकदा घरी येऊन, आकडेही तोच दाबतो. बाकी आल्यापासून पैसे दुप्पट जात होते, आणि तो विसरला होता. घड्याळात अकराला दोन मिनिटं.

फोन लावला. "आबा, मीटिंगमध्ये आहे. पाच मिनिटांनी करतो."

"आत्ता कर."

"लाइट गेली का? अर्धा तास—"

"अमोल, आत्ता आकडे दे!"

माझा आवाज त्याला ओळखीचा वाटला नसावा. म्हणाला, "थांब, काढतो."

टक्.

पंखा फिरत फिरत थांबला. दिवा विझला. मी लीलाकडं बघितलं. पदर खाली गेला होता. मी चार मोजले. मग आठ. बारा. पदर वर आला नाही.

"आबा, लिहून घे. वन, सेव्हन, झिरो—"

"मराठीत सांग!"

"एक. सात. शून्य. चार. चार. नऊ..."

फोन खांद्याला लावून मी दाबत गेलो. दोन वर्षं वाचतोय, दाबले कधी नव्हते. बटणं बारीक, बोटं शेंगांच्या मातीनं भरलेली. विसावा आकडा दाबला. टूं.

"चुकलं. पयल्यापासून सांग."

"आबा, काय झालंय? आई कुठंय?"

"पयल्यापासून!"

मीटरला पुढून काच आहे, तळहाताएवढी. दिवा विझलेला, म्हणून त्या काचेत मागची खोली दिसत होती. चटई. चटईवर लीला, अंगठ्याएवढी. आणि तिच्या उशाशी कुणीतरी मांडी घालून बसलेलं. आजाऱ्याजवळ बसतात तसं, वाकून. एक हात तिच्या कपाळावर. तोंड मात्र मीटरकडं, माझ्या बोटांकडं. रिचार्जला बाकीचे भाडेकरू उभे राहतात तसं, निवांत, पैसे जमा होतात का बघत.

मी वळलो नाही. वळलो असतो तर आकडा चुकला असता. हे मी आता सांगतोय. तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. बोटं दाबत होती. शून्य. चार. चार. नऊ. लीलाच्या उशाशी गोधडीची घडी असते, तीच असेल. खिडकीतून ऊन येतं, ऊन काचेत वाकडं दिसतं. गोधडीला हात नसतो एवढंच.

विसावा आकडा.

मीटरनं पैसे घेतले. पंखा हलला. दिवा लागला. पाठीमागं लीलानं श्वास घेतला, भरलेली कळशी विहिरीतून वर काढल्यासारखा, खालून, जड.

वळलो तेव्हा उशाशी गोधडी होती. लीलानं डोळे उघडले.

"चा झाला का?" म्हणाली, गाडीची वेळ विचारावी तसं.

किती वेळ गेला असेल? दोन मिनिटं? एवढा वेळ माणूस श्वासाशिवाय राहत नाही. म्हणजे श्वास बारीक चालू असणार, मला दिसला नसणार. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. हे सगळं मी अमोललाही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा, मी पाच हजार टाकून ठेवतो."

संध्याकाळपर्यंत पुरतील का, असं विचारणार होतो. विनोद म्हणून. तोंडातून बाहेर आला नाही.

मग मी चहा केला, तिला पाजला, आणि मागं गेलो.

७

प्रभावती नळावर वैशालीचा गणवेश धूत होती. पेपर दोनला सुटणार होता. सुट्टी काढली होती तिनं.

मी पायरीवर बसलो. मीटरची फळी डोक्यावर. आठ दिवे. एकाकडंही बघितलं नाही.

"तुला ठाऊक हुतं," मी म्हणालो.

"व्हय."

"कधीपासनं?"

"पोरीला झोप लागली हुती, आन अकराला मीटर तुटला हुता. तवापासनं."

"मग शनिवारी बोलली का न्हाईस?"

"बोलले असते, तर हसला असता तुमी."

खरं होतं. हसलो असतो. आळीत सांगितलं असतं. प्रभावतीचा आवाज काढून, हातवारे करून.

"काचेत बघितलंस का कधी?"

तिचा हात थांबला. "त्येच्याकडं बघू नका, बाबा. वेळेवर भरायचं. बस्स." पुन्हा कॉलर घासायला लागली.

"बाकी जाते का भरून?"

"मी आठवडाभर डबल पाळी केली. एकदा अठराशेवर आली हुती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच."

पलीकडं रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता, इंजिन चालू ठेवून. मी तो बंद होण्याची वाट बघितली. होईना.

"परत घे," मी म्हणालो.

"पोरीवर?"

"पोरीवर न्हाई गं. मी एवढा बी वंगाळ न्हाई. तुझी बाकी आता शून्य हाय, म्हंजी नाव बदलतंय. आजच्या आज अमोलला सांगून सहा नंबर तुझ्या नावावर करतो. मग बाकी तुझ्यावर घे. तूच तर मागत हुतीस, तीनदा. मी ऐकलंय. भाडं नको मला. रिचार्ज मी भरीन, रोज, साडेदहाच्या आत, हितं येऊन, आकडे नीट वाचीन. तू आता धड हायेस, कामाची सवय हाय. लीलाचं काय ऱ्हायलंय? तिला झेपायचं न्हाई. तुझं तू मागत हुतीसच की."

एका दमात बोललो. एवढं सरळ मी आयुष्यात बोललो नव्हतो, कुणाशीच.

प्रभावतीनं गणवेश बादलीतून वर काढला. दोन्ही हातांनी पिळला, पाणी गळायचं थांबेपर्यंत. झटकला. दोरीवर टाकून चिमटे लावले. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोरीसाठी मी माझं नाव देत हुते, बाबा," ती म्हणाली. "मावशीसाठी बी माझंच मागताय?"